तळ्याचा कर्ता कोण?

एखाद्या श्रमजीवी समाजाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्या लेखकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हे लोक कोठून आले, हा पहिला. आणि आल्यावर ते येथे टिकले कसे, हा दुसरा. पहिला प्रश्न मोठा मोहक आहे. त्याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येते, आणि त्यात काशी, राजा, यात्रा अशी भारदस्त नावेही गोवता येतात. दुसऱ्याचे उत्तर शोधावयास चिखलात उतरावे लागते. आमच्याकडील जातिवृत्तांत पहिल्या प्रश्नाच्या वाट्यास पाने येतात आणि दुसऱ्याच्या वाट्यास ओळी. वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळी समाजाविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे लेखन झाले, ते ह्या दोषाचे ठळक उदाहरण आहे. त्या लेखनाचे गुणदोष पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

जो वाचक त्या प्रदेशाशी परिचित नाही त्याच्यासाठी प्रथम दोन शब्द लिहितो. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा भाग. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतील वडसा, आरमोरी, कुरखेडा हा भाग. आणि उत्तरेस त्यांस लागून असलेले भंडारा व गोंदिया हे जिल्हे, मिळून जो मुलूख होतो त्यास झाडीपट्टी म्हणतात. हा धानाचा मुलूख आहे. येथे पाऊस थोडा पडतो असे नाही. पण तो वेळेवर पडेल ह्याची हमी नाही. मृगात पऱ्हे टाकावेत, आषाढात रोवणी उरकावी, पीक डोलू लागावे, आणि नेमके धान निसवण्याच्या वेळी हस्ताने दगा द्यावा, ही येथील शेतकऱ्याची जुनी कथा आहे. त्या दोनतीन आठवड्यांच्या पाण्यावर वर्षाचे अन्न अवलंबून असते. ह्या दोनतीन आठवड्यांवर माणसाने शोधलेला उपाय म्हणजे झाडीपट्टीतील तळे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत मिळून अशी जुनी तळी सहा हजारांहून अधिक मोजली जातात. ती सर्वच कोहळ्यांनी बांधली असे कोणी म्हणणार नाही. कुणबी, पोवार, गोंड जमीनदार ह्यांचाही त्यांत वाटा आहे. परंतु तळे बांधणे हाच ज्यांचा लौकिक झाला असा समाज कोहळ्यांचाच, ह्याविषयी सर्व लेखकांचे एकमत आहे.

ह्या लेखकांत पहिला मान मेजर ल्यूसी स्मिथ ह्यांस द्यावा लागतो. चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा त्यांचा अहवाल १८६९ साली प्रसिद्ध झाला. चांद्याच्या गोंड राजांविषयीच्या ज्या दंतकथा तोपर्यंत केवळ लोकांच्या तोंडी होत्या, त्या त्यांनी कागदावर उतरविल्या. १९०९ चे जिल्हा गॅझेटियर पुढे पुष्कळ अंशी ह्याच शिदोरीवर निघाले. हीरशहा नावाच्या राजाने असा नियम केला की, जो जंगल तोडून जमीन लागवडीस आणील त्यास ती द्यावी, आणि जो तळे बांधील त्यास त्या तळ्याखाली भिजणारी जमीन इनाम द्यावी, ही परंपरा आज ज्याच्या त्याच्या लेखात आढळते, तिचा उगम येथे आहे. तळे बांधून गाव वसविणाऱ्यास मिळणाऱ्या अशा हक्कास तुकूम म्हणत. चंद्रपूर शहराच्या एका वस्तीच्या नावात आणि जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांत तो शब्द अजून जिवंत आहे. हा अहवाल नसता तर ह्यांतील किती गोष्टी शिल्लक राहिल्या असत्या, ह्याची शंकाच आहे. हे ऋण प्रथम मान्य करून मगच दोषांकडे वळणे न्याय्य होईल.

दोष असा की, बंदोबस्ताचा अधिकारी गावात शिरतो तो एक ठरलेला प्रश्न घेऊन: ह्या जमिनीचा मालक कोण, आणि सारा कोणापासून घ्यावयाचा? त्या दशकात मध्यप्रांतात मालगुजारांस मालकीहक्क देण्याचे काम चालू होते. अशा वेळी लिहिलेल्या अहवालात तळे येते ते मालमत्ता म्हणून, आणि त्याचा इतिहास येतो तो हक्काचा पुरावा म्हणून. त्यामुळे वाक्याची रचनाच अशी होते की, कर्ता राजा, क्रिया देणे, आणि कोहळी हा केवळ घेणारा. राजाने दिले, राजाने वसविले, राजाने नियम केला. ज्याने दोन टेकड्यांमधील खिंड हेरली, पाणी कोठून येईल आणि कोठे साठेल हे यंत्रावाचून ताडले, आणि मुरूम व माती थरांवर थर घालून पाळ उभी केली, तो ह्या वाक्यात संप्रदानात पडून राहतो. व्याकरणातील हा अन्याय क्षुल्लक नाही. पुढील सर्व लेखकांनी वाक्य तेच उचलले, आणि त्याबरोबर कर्ताही तोच उचलला.

दुसरा ग्रंथ रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांचा. मध्यप्रांतातील जातिजमातींवरील त्यांचे चार खंड १९१६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, आणि आजही कोहळ्यांविषयी कोणी चार ओळी लिहू लागला की त्याचा हात ह्याच ग्रंथाकडे जातो. त्यांतील कोहळ्यांवरील प्रकरण लहान आहे. १९११ च्या शिरगणतीत हा समाजही लहानच, सुमारे २६ हजारांचा, होता. तळी बांधण्यातील त्यांचे कौशल्य, धानाबरोबर उसाविषयी त्यांची आवड, ह्या गोष्टी ग्रंथकारांनी मनमोकळेपणाने वाखाणल्या आहेत. आणि मूळस्थानाविषयी त्यांना जे जे ऐकू आले, ते परस्परविरोधी असूनही त्यांनी सर्व नमूद केले, हा त्यांचा खरा मोठेपणा होय. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना आम्हांस आणले, ही एक परंपरा. आमची पहिली वस्ती बालाघाटातील लांजी येथे झाली, हे भंडाऱ्याकडील कोहळ्यांचे सांगणे. आमचे पूर्वज दक्षिणेकडून आले, असे चांद्याच्या कोहळ्यांस वाटते, ही ल्यूसी स्मिथ ह्यांची नोंद.

इथवर ग्रंथ निर्दोष आहे. पण ग्रंथकारांस निकाल द्यावयाचा आहे, आणि निकालाच्या हव्यासात ते घसरतात. उत्तरेकडील कोइरी ह्या बागायती जातीच्या नावाशी कोहळी हे नाव जुळते, असे ते प्रथम सांगतात. आणि मग ते सोडून मुंबई इलाख्यातील कोळी लोकांशी नाते जोडणे अधिक संभवनीय मानतात. नावाचे साम्य हा पुरावा एकदा उत्तरेच्या बाजूने व एकदा दक्षिणेच्या बाजूने उभा केला की दोन्ही साक्षी बाद होतात, हे न्यायालयात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस तरी सांगावे लागू नये. शिवाय कोळी व कोहळी हे शब्द रोमन लिपीत जितके जवळचे दिसतात तितके मराठी कानास वाटत नाहीत. ह्याच रीतीने कोणी उद्या त्यांची उत्पत्ती कोहळ्याच्या वेलापासून लावली तर त्यास अडवावयास ग्रंथकारांजवळ काय साधन आहे?

दुसरा पुरावा भाषेचा. उत्तरेकडून महाराष्ट्रात आलेल्या जाती आपली बोली व चाली शेकडो वर्षे सोडीत नाहीत. पोवार आणि भोयर ह्यांचे परकेपण लगेच ओळखू येते. कोहळी तर बोलीने व आचाराने कुणब्यांसारखे. म्हणून ते उत्तरेचे नव्हेत, असे हे अनुमान आहे. पोवारांविषयी म्हटलेले खरे आहे. त्यांच्या घरांत पोवारी बोली अजूनही बोलली जाते. पण एका उदाहरणावरून नियम होत नाही. तंजावरकडील मराठ्यांनी मराठी राखली ती तेथे दरबार होता, संख्या होती, आपसांत सोयरिकी होत्या म्हणून. जेथे शेदोनशे घरे एकत्र येतात तेथे भाषा टिकते. जेथे गावास पाचदहा घरे, तीही कसबी म्हणून बोलावलेली, तेथे ती दोनतीन पिढ्यांत शेजाऱ्याच्या भाषेत मिसळून जाते. तेव्हा भाषेवरून जर काही सिद्ध होत असेल तर ते मूळस्थान नव्हे, तर वस्तीची रीत.

आमच्या मते ह्या तीन परंपरा एकमेकींस खोडीत नाहीत. त्या कोणी सांगितल्या आणि कोठे राहून सांगितल्या, हे मात्र पाहिले पाहिजे. भंडाऱ्याचा कोहळी लांजीचे नाव घेतो. लांजी त्याच्या उत्तरेस आहे. चांद्याचा कोहळी दक्षिणेचे नाव घेतो. प्रत्येकास आपल्या घराण्याने मागे टाकलेले शेवटचे गाव आठवत आहे. त्यामागचे गाव विसरले आहे. हे एका मोठ्या प्रयाणाचे स्मरण नव्हे. एका तळ्याखालची जमीन अपुरी पडली की धाकट्या भावाने पुढच्या खिंडीत दुसरे तळे बांधावे, त्याच्या मुलाने तिसरे, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरकत्या वस्तीचे ते स्मरण असावे. आणि काशी? काशीचे नाव घेणे हे आमच्या देशात भूगोलाचे विधान क्वचितच असते. ते बहुधा प्रतिष्ठेचे विधान असते. आम्ही भुकेने आलो नाही, आम्हांस बोलावून आणले. आम्ही कोठून तरी आलो नाही, तीर्थाहून आलो. असे त्या कथेचे म्हणणे आहे. ते ऐतिहासिक सत्य असो वा नसो, ज्या समाजास आपण परमुलखात आहो हे एके काळी तीव्रतेने जाणवत होते, त्याचे ते बोल आहेत. जातिवृत्तकाराने ही कथा दिशादर्शक म्हणून तपासली आणि नापास केली. तिच्यामागचे मन त्याने पाहिले नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हे लोक टिकले कसे? ह्याचे उत्तर ग्रंथांत नसले तरी जमिनीवर आहे. झाडीतील कोणत्याही जुन्या तळ्याच्या पाळीवर उभे राहून खाली पाहावे. पाळीच्या पोटात तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी. एका अंगास जादा पाण्यास वाट देणारा सांडवा. तुडुमापासून निघालेला पाट. आणि पाटाखाली पायरीपायरीने उतरत गेलेल्या बांध्या. वरच्या बांधीतील पाणी खालच्या बांधीत, आणि सगळ्यांत खालच्या बांधीचे निथळलेले पाणी पुढच्या लहान बोडीत. ह्या रचनेत कोणाचेही शेत एकट्याचे नाही. वरच्याने पाणी अडविले तर खालचा बुडाला. पाळीस भगदाड पडले तर सगळेच बुडाले. म्हणून पाळ चोपणे, गाळ काढणे, पाण्याची पाळी ठरविणे ही कामे गावाने मिळून करावी लागत, आणि ज्या पाटलाच्या शब्दाने ती होत त्याचा अधिकार राजाच्या सनदेवर अवलंबून नव्हता. सनद जमीन देते. ती दरसाल भिजविण्याची व्यवस्था सनदेत नसते. त्यात ऊस लावणे तर दीर्घ मुक्कामाची खूणच. वर्षभर उभे राहणारे पीक, त्यामागून घाणा व गुऱ्हाळ, ह्यांचा पसारा मांडणारा मनुष्य पुढच्या वर्षी निघून जाण्याचा विचार करीत नाही. कोहळ्यांचे स्थलांतर कधी संपले असे कोणी विचारील, तर ज्या वर्षी पाळीखाली पहिला ऊस लागला त्या वर्षी, असे आम्ही म्हणू.

ह्या बाबतीत लिखित ग्रंथांहून लोककथाच अधिक जाणती ठरावी, ही मोठ्या गमतीची गोष्ट आहे. वैनगंगेच्याच खोऱ्यात, आता गोंदिया जिल्ह्यात मोडणारे नवेगाव बांध हे विशाल तळे कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने बांधले, असे परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्यांस सात बहिणी म्हणतात. ह्या सात देवतांनी त्यास बांध पुरा करावयास साहाय्य केले अशी श्रद्धा आहे. आणि त्यांतील एका शिखरावर स्वतः कोलू पाटलाचे, कोलासुर देव ह्या नावाने, ठाणे आहे. ह्या कथेत सनावळी नाही, सनद नाही, राजाही जवळजवळ नाही. पण कर्ता आहे! अहवालाने राजास तळ्याचा कर्ता केले. लोकांनी तळ्याच्या कर्त्यास देव केले. इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही अतिशयोक्तीच; परंतु दोहोंपैकी कोणती अतिशयोक्ती सत्याच्या अधिक जवळ आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

तथापि लोककथेचेही गोडवे गाताना भान सुटू नये. कोलू पाटलाचे नाव उरले. डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहणाऱ्या शेकडो बाया-पुरुषांचे उरले नाही. रोवणीच्या दिवसांत दिवस दिवस पाण्यात वाकून उभ्या राहणाऱ्या स्त्रियांवाचून हे तळे निरुपयोगी आहे. त्यांस ना अहवालात जागा, ना देवळात. तळ्यातील मासे व शिंगाडे ह्यांवर जगणारा ढिवर हा त्या पाण्याचा दुसरा वारस. त्याचाही उल्लेख कडेकडेनेच येतो. आणि सर्वांत अवघड प्रश्न असा की, ज्या जंगलाच्या जागी पाणी साठले व बांध्या पडल्या, ते जंगल ओसाड नव्हते. तेथे गोंड आणि माना पूर्वीपासून होते. एकाची वस्ती म्हणजे दुसऱ्याची माघार, हा स्थलांतराच्या इतिहासातील कडू भाग आहे. येथे ती माघार किती झाली आणि सहवास किती झाला, ह्याचा विचार केल्यावाचून कोहळ्यांचे कोणतेही गौरवगान पुरे होणार नाही. अनुपम मिश्र ह्यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ हे १९९३ सालचे हिंदी पुस्तक तळी बांधणाऱ्या समाजांकडे नायक म्हणून पाहते, आणि तशी दृष्टी आणणे हे त्याचे थोर कार्य आहे. पण आदराच्या भरात हा कडू प्रश्न तेथेही मागे पडतो, असे आम्हांस वाटते.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता राहिला असता तर आम्ही त्यावर इतकी शाई खर्चिली नसती. १९५०च्या कायद्याने मध्यप्रांतातील मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१पासून गावोगावची तळी सरकारजमा झाली. त्या दिवसापासून त्यांस माजी मालगुजारी तलाव, व थोडक्यात मामा तलाव, असे सरकारी नाव पडले. हे नावही एक समीक्षणीय लेखनच आहे! मालगुजारी ही ल्यूसी स्मिथच्या काळी पक्की झालेली, उणीपुरी नव्वद वर्षे चाललेली व्यवस्था. तळी तिच्याहून कितीतरी जुनी. तरी नावात मालगुजार राहिला आणि बांधणारा गळाला. एकदा तळे मालमत्ता म्हणून मोजले की मालक बदलला म्हणजे काम संपले असे वाटू लागते. सरकारने मालकी घेतली. पण पाळ चोपण्याचा, गाळ उपसण्याचा, पाळी ठरविण्याचा जो गावचा परस्परधर्म होता, तो कोणत्याही ताबेपावतीवर घेता येण्यासारखा नव्हता. परिणाम डोळ्यांपुढे आहे. तळी गाळाने उथळ झाली, बेशरमाची झुडपे माजली, पोटात अतिक्रमणे शिरली. ज्या अहवालाने तळ्याचा कर्ता चुकीचा लिहिला, त्या चुकीची किंमत शेतकरी आज हस्ताच्या पंधरवड्यात मोजीत आहे, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही.

मग लिहावयाचे ते कसे? साधने नाहीत ही सबब चालणार नाही. बंदोबस्ताच्या वेळी गावोगाव लिहिलेले वाजिब-उल-अर्ज आणि पुढची निस्तारपत्रके ह्यांत पाण्याच्या वहिवाटी नोंदलेल्या आहेत. त्या महसुली कारकुनाखेरीज फारसे कोणी वाचीत नाही. तुकूम, बांध, बोडी हे शब्द पोटात घेऊन बसलेली गावनावे आहेत. हरिश्चंद्र बोरकर ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली विद्वानांच्या विचारात आणून ठेविली आहे. तिच्यातील पाण्याचे, पाळीचे, चिखलाचे शब्द एकीकडे हिंदी बोलींशी, दुसरीकडे तेलुगूशी व तिसरीकडे गोंडीशी ताडून पाहिले, तर मूळस्थानाच्या प्रश्नावरही पागोट्याच्या बांधणीहून बरा उजेड पडेल. रसेल ह्यांनी पागोट्याची बांधणी हाही पुरावा मानला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

आणि एक साधन असे आहे की जे थांबणार नाही. ह्याच मुलखात स्थलांतराचा एक ताजा अध्याय अनेकांच्या डोळ्यांदेखत घडला आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांस १९६०नंतरच्या दशकात गडचिरोलीकडील आजच्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत जंगल तोडून वसविण्यात आले. त्यांनाही धानाचीच शेती ठाऊक होती, आणि मासळीचीही. त्यांचे येणे सरकारी कागदांत आहे. पण त्यांचे टिकणे, शेजारच्या गोंडाशी व मराठी कुणब्याशी जुळलेले वा न जुळलेले त्यांचे नाते, हे ज्यांच्या स्मरणात आहे ती मुले आता वृद्ध झाली आहेत. कोहळ्यांच्या बाबतीत चारपाचशे वर्षांनी जो शोध आम्ही अंदाजाने करीत आहो, तो ह्यांच्या बाबतीत आज विचारून करता येईल. तो न केला तर पुढील काळचा एखादा ग्रंथकार त्यांच्याही डोक्यावरील वस्त्राच्या बांधणीवरून त्यांचे मूळ शोधीत बसेल.

मराठी साहित्यात झाडीचे अरण्य पुष्कळदा आले आहे: वाघ, साग, मोह, आणि त्यांत फिरणारा शहरी पाहुणा. त्या अरण्याच्या कडेस जी पाळ आहे, आणि पाळीखाली जी बांधी आहे, तिचे साहित्य अद्याप व्हावयाचे आहे. ते बाहेरच्याने लिहावे असा आमचा आग्रह नाही; किंबहुना ते त्याच्या हातून होणारही नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी येथील शाळा-महाविद्यालयांतून शिकलेल्या, आणि ज्याच्या आजोबाने पाळीवर माती टाकली अशा एखाद्या तरुणाने आपल्या एका गावचे, एका तळ्याचे वृत्त लिहावे. त्यात राजा असावा, मालगुजार असावा, सरकारही असावे. फक्त वाक्यात ज्याने तळे बांधले तो कर्त्याच्या जागी असावा. असे एक पुस्तक जरी हाती आले तरी आम्ही त्याचे परीक्षण मोठ्या आनंदाने करू, आणि वर दाखविलेली आमची अनुमाने त्यात खोटी ठरली तर तो आनंद कमी होणार नाही.